विश्लेषण : स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची काळजी… जीपीएस घड्याळ, सेन्सर, कॅमेरा किती कामाचे?

रात्री अडीच वाजता दाराची कडी वाजते. पंचाहत्तरीचे गृहस्थ शर्ट-पँट घालून ‘ऑफिसला’ निघालेले असतात. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली हे त्यांच्या लक्षात नसते. घरात दुसरे माणूस म्हणजे सत्तरीची पत्नी. अमेरिकेतला मुलगा दुसऱ्या दिवशी ऑनलाइन जीपीएस घड्याळ मागवतो, पाठोपाठ कॅमेराही येतो. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांच्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच घडते. या उपकरणांनी नेमके काय साधते, काय साधत नाही आणि काळजी घेणाऱ्या जोडीदाराचे ओझे त्यामुळे खरोखर हलके होते का?

भारतात हा प्रश्न किती मोठा?

देशभरातील ज्येष्ठांची प्रत्यक्ष तपासणी करून झालेल्या ‘लासी-डॅड’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे साधारण ८८ लाख लोक. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. २०१० च्या ‘डिमेन्शिया इंडिया’ अहवालात हाच आकडा सुमारे ३७ लाख होता.

दुसरीकडे घरातली माणसे कमी झाली आहेत. २०१७-१८ च्या ‘लासी’ सर्वेक्षणानुसार देशातील साधारण २० टक्के ज्येष्ठ मुलांशिवाय, केवळ जोडीदारासोबत राहतात. यांपैकी एकाला स्मृतिभ्रंश झाला की दुसरा आपोआप पूर्णवेळ काळजीवाहू होतो. त्याचे स्वतःचे गुडघे, रक्तदाब, मधुमेह आणि झोपेचे प्रश्न असतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या काळजीसाठी दिल्या जाणाऱ्या एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के वाटा स्त्रियांचा असतो. हा सगळा भार एका थकलेल्या माणसावर येतो म्हणूनच ‘एखादे यंत्र मदत करील का’ हा प्रश्न पुढे येतो.

सहाय्यक तंत्रज्ञान म्हणजे नेमके काय?

हा शब्द ऐकला की रोबो किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात यादी बरीच साधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० प्राधान्याच्या सहाय्यक साधनांची यादी जाहीर केली. तीत चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांच्याबरोबर गोळ्यांचे कप्पे असलेला डबा, सोपा मोबाइल फोन, जीपीएस शोधक, पडल्याचे ओळखणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण यांचाही समावेश आहे.

स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात या साधनांचे तीन गट पडतात. पहिला, रुग्णाला आठवण करून देणारी साधने. दुसरा, धोका ओळखून दुसऱ्याला इशारा देणारी. तिसरा, कोणाचेही लक्ष नसताना आपोआप धोका टाळणारी, उदाहरणार्थ ठरावीक वेळेनंतर बंद होणारी शेगडी. खरेदीपूर्वी हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिल्या गटातील साधन रुग्णाने वापरायचे असते, दुसऱ्यातील जोडीदाराने, तर तिसरे कोणी हात लावला नाही तरी काम करते.

माणूस घराबाहेर निघून गेला तर?

अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या मते स्मृतिभ्रंश झालेल्या दर दहा जणांपैकी सहा जण कधी ना कधी भरकटतात. जपानमध्ये याची नोंद पोलीस यंत्रणा दरवर्षी ठेवते. तेथे २०२४ मध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या १८ हजारांहून अधिक व्यक्ती बेपत्ता झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे बहुतेक कुटुंबांची पहिली खरेदी याच कारणासाठी होते. बाजारात यासाठी तीन वेगवेगळी तंत्रे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

जीपीएस घड्याळ उपग्रहांचे संकेत पकडून आपले ठिकाण मोजते आणि आतल्या सिम कार्डाच्या मदतीने ते जोडीदाराच्या किंवा मुलांच्या मोबाइलवर पाठवते. ठरवलेल्या परिसराबाहेर माणूस गेला की इशाराही देते. मात्र इमारतीच्या आत, दाट वस्तीच्या गल्लीत किंवा तळघरात उपग्रहांचा संकेत क्षीण होतो आणि ठिकाण चुकीचे दिसू शकते. अनेक घड्याळांची बॅटरी रोज नाही तर एक-दोन दिवसांनी चार्ज करावी लागते. सिमचे रिचार्ज संपले की घड्याळ फक्त वेळ दाखवते. शिवाय काही स्वस्त घड्याळे केवळ टू-जी नेटवर्कवर चालतात. जिओचे जाळे फोर-जी आणि फाइव्ह-जी असल्याने त्यांचे सिम अशा घड्याळात चालत नाही. खरेदीपूर्वी ही एक गोष्ट तपासली तरी मनस्ताप वाचतो.

ब्लूटूथ टॅग हा दुसरा प्रकार. किल्ल्यांना किंवा बॅगेला लावायचा हा छोटा बिल्ला. अ‍ॅपलचा एअरटॅग सर्वांत परिचित. त्यात जीपीएस नसते, सिमही नसते. आसपासच्या अनोळखी लोकांचे फोन त्याचा संकेत पकडतात आणि ठिकाण कळवतात. नाण्याएवढा सेल जवळपास वर्षभर चालतो, हा मोठा फायदा. पण माणसे आणि फोन कमी असलेल्या गावात, शेतरस्त्यावर टॅग मुका राहतो. एअरटॅग वस्तू शोधण्यासाठी आहे, माणसांचा माग काढण्यासाठी नाही, अशी अ‍ॅपलचीच भूमिका आहे. पाठलागाचा गैरप्रकार टाळण्यासाठी ‘अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरत आहे’ असा इशारा जवळच्या फोनवर येतो. रुग्णाकडे स्वतःचा फोन असेल तर तो इशारा त्यालाच दिसून तो घाबरू शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे क्यूआर कोड. जपानमधील इरुमा शहराने २०१६ मध्ये ज्येष्ठांच्या नखांवर चिकटवायचे छोटे क्यूआर स्टिकर देण्यास सुरुवात केली. मुंबईत ‘प्रोजेक्ट चेतना’ या उपक्रमातून क्यूआर कोड असलेली पदके दिली जातात. २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला एक बौद्धिक अक्षम मुलगा कुलाब्यात सापडला तेव्हा त्याच्या गळ्यातील अशाच पदकामुळे पोलिसांना पालकांपर्यंत पोहोचता आले. या पद्धतीत बॅटरी नाही, रिचार्ज नाही. मात्र कोणीतरी त्या माणसाजवळ थांबून कोड स्कॅन करायला हवा. ते जमत नसेल तर शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलेली, मोबाइल क्रमांक लिहिलेली साधी पट्टीही तेच काम करते.

यापैकी कोणतेही साधन असले तरी माणूस हरवल्यावर थांबणे चुकीचे ठरते. ‘२४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत’ हा गैरसमज आहे. तत्काळ ११२ वर कळवावे आणि अलीकडचे छायाचित्र मोबाइलमध्ये तयार ठेवावे.

घरातल्या धोक्यांसाठी काय?

घरात सर्वाधिक उपयोगी ठरणारी साधने दिसायला अगदी साधी असतात. दाराला लावायचा चुंबकीय सेन्सर हे त्याचे उत्तम उदाहरण. एक भाग चौकटीवर, दुसरा दारावर. दार उघडले की दोन्ही भाग दूर होतात, चुंबकाचा परिणाम संपतो आणि बेल वाजते. त्याला ना इंटरनेट लागते ना अ‍ॅप. हालचाल ओळखून लागणारा रात्रीचा दिवा पलंगापासून संडासापर्यंत लावला तर अंधारात पडण्याचा धोका कमी होतो. दाराला बाहेरून कुलूप लावणे हा मात्र उपाय नाही. आग लागली किंवा आतला माणूस पडला तर तेच कुलूप जीवघेणे ठरते.

स्वयंपाकघरात गॅसगळती शोधक बसवताना त्याची जागा महत्त्वाची असते. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून शोधक खाली बसवावा लागतो. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. तेथे शोधक छताजवळ हवा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलेल्या घरात जुना शोधक खालीच राहिला असेल तर तो असून नसल्यासारखा. रात्री रेग्युलेटर किंवा मुख्य नळ बंद करणे ही सवय कोणत्याही उपकरणापेक्षा स्वस्त आहे.

स्वयंपाकघराचा प्रश्न केवळ सुरक्षेचाही नसतो. पन्नास वर्षे स्वयंपाक केलेल्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला आणि पतीने शेगडी बंद करून डबा लावला, तर तिचे घरातील स्थानच काढून घेतल्यासारखे होते. तिची चिडचिड वाढते आणि पतीला त्याचे कारण कळत नाही. वेळ लावून आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी पतीच्या ताब्यात ठेवून मटार सोलणे, मेथी निवडणे, पोळ्या लाटणे ही कामे तिच्याकडेच राहू देणे हा मधला मार्ग असू शकतो.

पडल्याचे ओळखणारी स्मार्ट घड्याळे हालचालीतला अचानक बदल मोजतात. जोरात आदळलेला माणूस ती ओळखतात. भिंतीला धरून हळूहळू घसरत बसलेला माणूस मात्र त्यांच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून न्हाणीघरातला लोखंडी दांडा आणि न घसरणारी पायचटई यांचा क्रम घड्याळाच्या आधी लागतो.

आठवण करून देणारी उपकरणे कोणत्या टप्प्यापर्यंत चालतात?

स्मृतिभ्रंशात जुन्या सवयी बऱ्याच काळ टिकतात, नवीन गोष्ट शिकण्याची क्षमता मात्र लवकर ओसरते. त्यामुळे आजार पुढे गेल्यावर आणलेले नवे उपकरण रुग्ण शिकेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. सुरुवातीच्या टप्प्यात सवयीचे झालेले साधन पुढे काही काळ चालू राहते. मनगटावर आयुष्यभर घड्याळ घातलेला माणूस जीपीएस घड्याळ घालतो. कधीच न घातलेला माणूस ते काढून कपाटात ठेवतो. पदक, पट्टी किंवा बुटातला टॅग यांची निवड त्या माणसाच्या सवयीवरून व्हायला हवी.

वार, तारीख आणि ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असे मोठ्या अक्षरांत दाखवणारे घड्याळ उपयोगी पडते. त्यासाठी महागडी खरेदी करण्याचीही गरज नाही. घरातला जुना टॅब्लेट किंवा मोबाइल सतत चार्जिंगला लावून देवनागरीत तसे दाखवता येते. ‘आज ऑफिस आहे का?’ हा प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारणाऱ्या माणसाला भिंतीकडे बोट दाखवून उत्तर देता आले, तर पत्नीचा आवाज चढण्याचे काही प्रसंग टळतात.

पत्नीच्या आवाजात ‘अहो, जेवण झालं, आता गोळी घ्या’ असा संदेश मोबाइलवर ठरावीक वेळी वाजवण्याची सोयही आहे. काहींना ओळखीचा आवाज धीर देतो. समोर माणूस दिसत नसताना आवाज आला म्हणून काही जण बिथरतात. दोन-तीन दिवस वापरून पाहणे आणि त्रास होत असेल तर लगेच बंद करणे, एवढाच याचा नियम. गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरात दोघांच्याही गोळ्या असतात. दोघांचे डबे वेगळ्या रंगांचे हवेत आणि मधल्या टप्प्यानंतर रुग्णाच्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा जागी.

श्रवणयंत्र आणि योग्य नंबरचा चष्मा यांचा विचार अनेकदा राहून जातो. नीट ऐकू न आल्यामुळे दिलेले चुकीचे उत्तर घरचे ‘विसरणे’ समजतात. नवी उपकरणे आणण्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घेतले तर काही अडचणी तिथेच कमी होऊ शकतात.

संशोधन काय सांगते?

इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅटिला’ नावाची मोठी चाचणी झाली. स्मृतिभ्रंश असलेल्या ४९५ जणांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला गरजेनुसार सेन्सर, इशारा यंत्रणा आणि इतर सहाय्यक उपकरणांचा पूर्ण संच देण्यात आला. दुसऱ्याला धूर शोधक, आपत्कालीन बटण अशी मोजकीच साधने मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण संच मिळालेले लोक स्वतःच्या घरी अधिक काळ राहू शकले, असे दिसले नाही. काळजीवाहूंचे ओझे, चिंता आणि नैराश्य यांतही लक्षणीय घट आढळली नाही.

याच्या शेजारी गोव्यातील एक अभ्यास ठेवून पाहण्यासारखा आहे. तेथे दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांबरोबर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उपकरणे नव्हती. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, आजाराची माहिती देत, चिडचिड किंवा भटकणे कसे हाताळायचे ते सांगत, काळजीवाहूचे ऐकून घेत. गरज असेल तेथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली जाई. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि त्यांना जाणवणारा त्रास कमी झाल्याचे दिसले.

या दोन चाचण्यांचा देश, काळ आणि मोजमाप वेगळे आहे. त्यामुळे ‘यंत्र निरुपयोगी, माणूस उपयोगी’ असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य नाही. ‘अ‍ॅटिला’मधील तुलना उपकरणांच्या पूर्ण संचाची आणि मोजक्या संचाची होती, उपकरणे असण्या-नसण्याची नव्हती. तरीही दोन्हींतून एक गोष्ट ठळक होते. उपकरणांची संख्या वाढवल्याने काळजीवाहूचा भार आपोआप उतरत नाही. भार उतरण्यासाठी त्या उपकरणाला किंवा त्याच्याशिवायही, दुसऱ्या माणसाची साथ जोडली जावी लागते.

इशारा वाजल्यावर कोण उठणार?

बहुतेक कुटुंबांच्या नियोजनात हा प्रश्न सुटून जातो. दाराचा सेन्सर रात्री चार वेळा वाजला तर चारही वेळा पत्नीच उठते. गादीखालचा सेन्सर पती केवळ कूस बदलताना वाजला तरी तिची झोप मोडते. पूर्वी ती दमून झोपत असे. आता यंत्र तिला झोपू देत नाही. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून आठवडाभरात आवाज बंद केला जातो आणि नेमका खरा इशारा त्यानंतर येतो. यात दोष सेन्सरचा नसतो. सगळे इशारे एकाच, आधीच थकलेल्या माणसाकडे पाठवणारी रचनाच चुकलेली असते.

त्याशिवाय उपकरणे स्वतःच नवे काम निर्माण करतात. चार्जिंग, रिचार्ज, पासवर्ड, अ‍ॅप अद्ययावत करणे, वाय-फाय बंद पडले की पुन्हा जोडणे. सत्तरीच्या जोडीदारासाठी ही कामे साधी नाहीत. घड्याळ मुलाने पाठवले, पण सांभाळायचे आईने, अशी वाटणी झाली की ते महिनाभरात खणात जाते.

ही वाटणी बदलता येते. भारतात रात्रीचे अडीच वाजलेले असतात तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची दुपार किंवा संध्याकाळ असते. परदेशातला मुलगा वा मुलगी त्या वेळी जागी असते. रात्रीचे इशारे त्यांच्या फोनवर वळवले, तर खोटा इशारा कोणता आणि खरा कोणता हे ते ठरवू शकतात आणि गरज असेल तेव्हाच आईला किंवा खालच्या वॉचमनला फोन करू शकतात. रिचार्ज आणि अ‍ॅपची देखभालही दुरून करता येते. चार्जिंग तेवढे घरात, आणि तेही रोजच्या ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ आंघोळीच्या वेळी.

यासाठी आजार लपवून चालत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून अनेक कुटुंबे शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. प्रत्यक्षात सोसायटीचा वॉचमन, समोरचा किराणा दुकानदार आणि नाक्यावरचे रिक्षावाले यांना ‘काका एकटे दिसले तर थांबवा, या नंबरवर फोन करा’ एवढे सांगून ठेवणे ही सर्वांत भरवशाची यंत्रणा ठरू शकते. गावात तर टॅग चालत नाही तिथेही पारावरची माणसे असतात.

कॅमेऱ्याला संमती कोणाची?

कॅमेरा दूर असलेल्या मुलांना दिलासा देतो. मात्र तो रुग्णाबरोबर जोडीदारालाही चोवीस तास पाहतो. आई वडिलांवर ओरडली, तिने दुपारी झोप काढली, जेवण उशिरा दिले, हे सगळे दुसऱ्या देशात दिसते आणि त्यावर सूचना येऊ लागतात. मदतीऐवजी ती तपासणी वाटू लागते. कॅमेरा लावण्यापूर्वी तो कुठे असेल, कोण पाहील, केव्हा बंद राहील हे जोडीदाराशी बोलून ठरायला हवे. शयनकक्ष आणि न्हाणीघरात तो नसावाच. केवळ ‘बाबा उठले का’ एवढेच कळायचे असेल तर हालचाल ओळखणारा साधा सेन्सर पुरतो.

रुग्णाच्या संमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. निदान लवकर झाले तर माणूस स्वतःचे मत सांगू शकतो. ‘पुढे मी भरकटू लागलो तर घड्याळ चालेल, कॅमेरा नको’ असे तो स्वतः ठरवू शकतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत याची पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आहे. उपकरणांबाबत असा वेगळा दस्तऐवज कायद्यात नाही, पण तेच संभाषण याच वेळी करता येते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ घरगुती वापराला लागू नाही. म्हणजे पत्नीने पतीचे ठिकाण पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही. घड्याळ विकणारी, ठिकाणाची माहिती साठवणारी कंपनी मात्र येते. कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी त्या पालकाची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद या कायद्यात आहे. खरेदी करताना माहिती कुठे साठते, खाते बंद केल्यावर ती पुसली जाते का, हे पाहिले पाहिजे. उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलणे हे पहिल्याच दिवशीचे काम.

मोबाइल, ओटीपी आणि बँकेचे काय?

रुग्णाच्या हातातला स्मार्टफोन हे सोयीचे साधन असते तसेच धोक्याचेही. ओटीपी कोणालाही सांगू नये हे लक्षात ठेवायलाच स्मृती लागते. यूपीआय असलेल्या खात्यात थोडीच रक्कम ठेवणे, मोठ्या खात्याचा यूपीआय बंद करणे आणि अनोळखी क्रमांकांचे कॉल रोखणे हे उपाय सुरुवातीलाच करावेत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

यात एक कायदेशीर पेच आहे. मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढचे सगळे सोपे होईल असा अनेकांचा समज असतो. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती निर्णयक्षम राहिली नाही की ते अधिकार संपुष्टात येतात. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. त्यानंतर पालकत्वासाठी कुटुंबाला न्यायालयात जावे लागू शकते. उच्च न्यायालये घटनेच्या कलम २२६ खालील अधिकार वापरून अशा प्रकरणांत पालक नेमत आली आहेत, पण त्यात वेळ आणि पैसा जातो. म्हणून खाते ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने संयुक्त करणे, नामांकन भरणे आणि मृत्युपत्र ही कामे निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच, रुग्णाची समज शाबूत असताना व्हायला हवीत.

सरकारी मदत मिळते का?

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे. तीत अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने मोफत मिळतात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या बँक खात्यात साधनांच्या खरेदीसाठी एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याची तरतूद तीत आहे. दोन्ही योजनांचा भर चालणे, पाहणे, ऐकणे यांतील अडचणींवर आहे. चष्मा, श्रवणयंत्र किंवा कमोड खुर्ची यांसाठी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही त्यांचा उपयोग होतो. पण भरकटणाऱ्या माणसासाठी जीपीएस शोधक किंवा दाराचा सेन्सर यांना अशा योजनांत ठळक स्थान नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. मात्र त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांतील गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. त्या आधारे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारणा करता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. काळजीवाहूच्या स्वतःच्या मानसिक ताणासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

धोरणाच्या पातळीवर उणीव याहून मोठी आहे. गोव्यातील प्रयोगासारख्या, घरी येऊन शिकवणाऱ्या आणि दोन तास जोडीदाराला मोकळीक देणाऱ्या माणसांची सार्वजनिक व्यवस्था राज्यात व्यापक प्रमाणावर उभी नाही. आशा सेविकांचे जाळे गावोगावी आहे, पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. उपकरणांचे अनुदान त्यापेक्षा सोपे असते. ते मिळाले तरी इशारा वाजल्यावर येणारे माणूस त्यातून मिळत नाही.

सुरुवात कोठून करावी?

एकाच वेळी पाच उपकरणे आणण्याऐवजी आठवडाभर वहीत नोंद ठेवणे अधिक उपयोगी. माणूस किती वाजता उठतो, कोणत्या दाराकडे जातो, जोडीदाराची झोप कितीदा मोडते, सर्वाधिक भीती कशाची वाटते. त्यातील सर्वांत वरच्या एका अडचणीसाठी एकच साधन आणावे. त्याचा इशारा कोणाकडे जाईल, चार्जिंग आणि रिचार्ज कोण पाहील, दोघांपैकी एकाला त्रास झाला तर ते कोण बंद करील, ही तीन नावे खरेदीपूर्वीच ठरावीत. महिन्याभराने पुन्हा पाहावे. आजार बदलतो, त्यामुळे मागच्या दिवाळीला उपयोगी असलेले साधन या दिवाळीला अडगळ ठरू शकते.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या घरात जीपीएस घड्याळ चुकीचे नव्हते. ते उपयोगी पडण्यासाठी रात्रीचा पहिला फोन आईच्या उशाशी वाजण्याऐवजी मुलाच्या खिशात वाजायला हवा आणि दुसरा खालच्या वॉचमनच्या. जोडीदाराला सलग सहा तास झोप मिळाली की नाही, हे कोणत्याही उपकरणाचे यश मोजण्याचे सर्वांत सोपे माप आहे.